माझागानच्या पाण्याचा हिशेब

फॉस्फोरिक अ‍ॅसिड वाहणाऱ्या टँकरवर मी कॅप्टन होतो तेव्हाची ही गोष्ट. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर जोर्फ लास्फार नावाचं बंदर आहे, १९८२ साली सुरू झालेलं. खुरिब्गाच्या खाणींतला फॉस्फेट दगड दळून, पाण्यात कालवून १८७ किलोमीटरच्या पाइपलाइनमधून इथे आणतात. त्यावर सल्फ्युरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया करून जे गडद, दाट अ‍ॅसिड निघतं त्याचं भारत हे मोठं गिऱ्हाईक. आपल्याकडच्या डीएपी खताच्या गोणीत या किनाऱ्याचा वाटा पुष्कळदा असतो. आम्ही तो माल गोव्याला, मुरगावला नेणार होतो.

हा माल पाण्याच्या दीडपटीहून जड. टाक्या काठोकाठ भरायच्या आधीच जहाज लोडलाइनपर्यंत, म्हणजे बुडण्याची हद्द दाखवणाऱ्या बाजूवरच्या खुणेपर्यंत, बसतं. त्यामुळे लोडिंग अर्ध्यावर थांबवून समुद्रात जायची वेळ आली, तर पोटात हेलकावणारं जड अ‍ॅसिड घेऊन जावं लागतं आणि जहाज सरळ राहायला कुरकुरतं. आमच्यावर नेमकी तीच वेळ आली.

हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये, इथून हजारो किलोमीटरवर वादळ होतं. वादळ इकडे येत नाही, त्याच्या लाटा येतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि पंधरा-सोळा सेकंदांच्या अंतराने एकेक लांब, आळशी वाटणारी लाट बंधाऱ्याला वळसा घालून आत शिरते. धक्क्याला बांधलेलं एवढं मोठं जहाज चार-पाच मीटर पुढे जातं, मागे येतं. रात्री पुढची स्प्रिंग, म्हणजे जहाजाला पुढे-मागे सरकू न देणारा दोर, तुटली. जाड दोर तुटताना बंदुकीसारखा आवाज होतो, त्या टोकाच्या फटक्यात माणूस जागीच जातो. आमच्या डेकवर त्या रेषेत एकही माणूस नव्हता. आमच्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, संध्याकाळपासूनच सगळ्या खलाशांना तिथून हलवलं होतं. मुरुडचा माणूस, उभं आयुष्य बोटीवर काढलेला. "साहेब, दोर कण्हायला लागलाय," एवढंच त्याने मला वॉकीटॉकीवर सांगितलं होतं, आणि दहाच मिनिटांत तो तुटला.

मग बंदराचा हुकूम आला. मालाचे होस सोडले, जहाज बाहेर काढून देणारा बंदराचा पायलट आला, आम्ही बाहेर पडलो. चीफ ऑफिसर स्टॅबिलिटीचे आकडे मांडून बसला, कोणत्या टाकीतलं कुठे सरकवायचं ते ठरवलं. लाटा उतरेपर्यंत बाहेर डोलत राहिलो आणि एका शुक्रवारी पहाटे परत धक्क्याला लागलो.

अशा वेळी कॅप्टनला सी प्रोटेस्ट नोंदवावा लागतो. म्हणजे हवामान असं होतं, दोर असा तुटला, धक्का अशा कारणाने सोडला, त्यामुळे मालाचं वा जहाजाचं काही नुकसान निघालं तर आमचे हक्क राखून ठेवतो, असं शपथेवर लिहून द्यायचं. सोबत लॉगबुकाचा उतारा आणि साक्षीदार. साक्षीला सारंग. लोडिंग चीफ ऑफिसरच्या हाती देऊन आम्ही दोघं एजंटच्या गाडीत बसलो आणि वीसेक किलोमीटरवरच्या एल जदीदाला निघालो. कोर्ट तिथे आहे.

पोचलो तेव्हा जुम्म्याच्या नमाजासाठी कामकाज थांबत आलं होतं. दुपारनंतर या, म्हणाले. सारंगाने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, जुम्मा आहे. पढून येऊ?" एजंट साठीतले, शांत गृहस्थ. त्यांचं बालपण जुन्या किल्ल्याच्या आतल्या वस्तीत गेलेलं. ते म्हणाले, "चला, माझ्याच मशिदीत जाऊ."

ही मशीद किल्ल्याच्या आत आहे आणि तिचा मिनार पाच बाजूंचा आहे. चौकोनी मिनारांच्या मुलुखात पाच बाजूंचा मिनार कुठून आला? तर तो आधी पोर्तुगीजांचा टेहळणीचा बुरूज होता. शत्रू दिसला की तिथून इशारा द्यायचे. समोर त्याच चौकात पोर्तुगीजांचं चर्च, असम्प्शनचं. सारंग आणि एजंट आत गेले, मी तटावर चढलो.

या शहराचं पोर्तुगीज नाव माझागान. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पोर्तुगीजांनी १५१४ मध्ये इथे लहानशी गढी बांधली होती. हिंदुस्थानच्या वाटेवरचं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं हे त्यांचं सुरुवातीचं ठाणं. १५४१ च्या मार्चमध्ये मोरोक्कोच्या सादी घराण्यातल्या सुलतानाने दक्षिणेचं अगादीर त्यांच्याकडून घेतलं आणि लिस्बनला धडकी भरली. राजा तिसरा जुआंव याने त्याच वर्षी साफी आणि अझेम्मूर ही दोन ठाणी स्वतःहून सोडून दिली आणि सगळं बळ माझागानवर एकवटलं. बेनेदेत्तो दा राव्हेन्ना हा इटालियन, जुआंव रिबेरु हा पोर्तुगीज आणि हुआन दे कास्तियो हा स्पॅनिश, अशा तिघांनी मिळून नवा किल्ला आखला. ताऱ्याच्या आकाराचा, सुमारे २५० मीटर बाय ३०० मीटर. भिंती सरासरी आठ मीटर उंच, किंचित आत कललेल्या, म्हणजे तोफेचा गोळा घसरून जावा. भोवती वीस मीटर रुंद, तीन मीटर खोल खंदक, त्यात समुद्राचं पाणी. पुढे फ्रेंचांच्या अमदानीत खंदक मातीने बुजवला.

एवढं सगळं वाचायला मिळतं. पण एंजल बुरुजावर, तोफांच्या शेजारी उभा राहून मी जे पाहिलं ते कागदावरून कळलं नसतं. समुद्राकडचा दरवाजा, पोर्ता दो मार, ईशान्येच्या तटात आहे. आणि त्या आठवड्यात आमचे दोर तोडणाऱ्या लाटा येत होत्या वायव्येकडून. बाहेर टोकावर त्या अजून फुटत होत्या, पांढऱ्या फेसाची रेघ लांबवर दिसत होती. टोकाला वळसा घालून आत येईपर्यंत त्यांचा जोर गेलेला. दरवाजासमोरच्या छोट्या गोदीत मासेमारीच्या होड्या जेमतेम हलत होत्या. आमचं बंदर लांबच लांब बंधारा घालूनही त्या आठवड्यात बंद पडलं होतं, आणि इथे एखादा पडाव भरतीला सरळ दरवाज्यात आणता आला असता.

अझेम्मूर सोडून माझागान का ठेवलं, हे मला तिथे उमगलं. अझेम्मूर उम्म-एर-रबिया नदीवर आहे आणि नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा. लाटा असल्या की दांड्यावरून बोट काढणं म्हणजे जिवाशी खेळ. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी होडी घालणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. वेढा पडला असेल, लिस्बनहून दारूगोळा आणि गहू घेऊन गलबत आलं असेल आणि ते लाटांमुळे आठवडाभर बाहेरच उभं राहिलं, तर भिंत दहा मीटर जाड असून काय उपयोग? म्हणून मी माझागानच्या बुरुजांइतकाच त्या दरवाज्याच्या दिशेला मान देतो. ती दिशा ठरवणाऱ्याला समुद्र कळत होता.

१५६२ मध्ये याची कसोटी लागली. सुलतान अब्दल्ला अल-गालिबचा मुलगा प्रचंड फौज घेऊन आला आणि दोन महिन्यांच्या आसपास वेढा घालून बसला. जमिनीकडून एकही वाट मोकळी नव्हती. लिस्बनमध्ये लहानग्या सेबास्तियांव राजाच्या वतीने त्याची आजी कातारीना कारभार पाहत होती, तिने समुद्रातून माणसं आणि सामान धाडलं. वेढा उठला. त्यानंतर किल्ला आणखी दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे राहिला.

मला वसई आठवली. आपल्याकडे वसईची मोहीम सांगताना शेवटचा हल्ला, सुरुंग आणि बुरुजाला पडलेलं खिंडार यांचंच वर्णन रंगतं, आणि ते रंगावंच. पण चिमाजी अप्पांच्या मोहिमेत त्याआधीच ठाणे, साष्टी घेतली होती, वेसावे आणि भाईंदरजवळची धारावी घेतली होती. वसईच्या पाण्याच्या वाटा एकेक करून आवळत आणल्या होत्या. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली ती या आवळलेल्या वाटांमुळेसुद्धा. माझागानला ते कुणाला जमलं नाही, कारण त्या बाजूला उघडा अटलांटिक होता.

नमाजानंतर एजंट आम्हाला भावाच्या घरी घेऊन गेले. शुक्रवारी घरोघर कुसकुस, म्हणजे गव्हाच्या वाफवलेल्या कण्या, असतो. एका मोठ्या थाळ्याभोवती सगळे बसलो. सारंग खूष होता, पण त्याचं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या तटाकडे. तो म्हणाला, "साहेब, हे कोर्लईसारखं दिसतंय." बरोबर होतं त्याचं. मुरुडहून अलिबागकडे जाताना रेवदंड्याच्या अलीकडे कोर्लईचा डोंगर लागतो, त्यावरचा किल्ला पोर्तुगीजांचाच, आणि खालच्या गावात अजूनही पोर्तुगीजमधून निपजलेली बोली बोलतात. मी हे एजंटना फ्रेंच-इंग्रजी मिसळून सांगितलं. ते थाळ्यावरचा हात थांबवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या इथे मात्र त्यांनी एकही माणूस ठेवला नाही."

आणि त्यांनी १७६९ ची हकिगत सांगितली. सुलतान सिदी मुहम्मद बेन अब्दल्ला, ज्याने थोडं आधी मोगादोर म्हणजे आजचं एस्साविरा वसवलं, तो त्या वर्षी माझागानवर चालून आला. लिस्बनमध्ये पोंबाल या बलाढ्य मंत्र्याचा जमाना. आफ्रिकेतल्या या एकाकी ठाण्यावर पैसा आणि माणसं घालण्यात आता अर्थ नाही असं ठरलं आणि शहर रिकामं करायचा हुकूम सुटला. तटाच्या आत सुमारे दोन हजार माणसं होती. कित्येकांच्या सहा-सात पिढ्या इथेच जन्मल्या, इथेच गेल्या. ती माणसं जायला तयार नव्हती. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी घरातलं सामान फोडलं, घोडे मारले. मार्चमध्ये त्याच समुद्राकडच्या दरवाज्याने सगळे गलबतांवर चढले. मुख्य वेशीखाली सुरुंग पेरून ठेवले होते. सुलतानाची माणसं आत शिरली आणि गव्हर्नरचा बुरूज उडाला, पुष्कळ माणसं गेली. पाच बुरुजांपैकी आज चारच उभे आहेत ते त्यामुळे.

पुढचा भाग मला ठाऊक नव्हता. त्या लोकांना लिस्बनमध्येही राहू दिलं नाही. तिथून त्यांना अटलांटिकपार ब्राझीलला, अ‍ॅमेझॉनच्या मुखाकडच्या जंगलात पाठवलं. तिथे १७७० मध्ये त्यांच्यासाठी नवं माझागान वसवलं. कोरड्या, वाऱ्याच्या किनाऱ्यावर वाढलेली माणसं दलदलीत आणि तापात जाऊन पडली. ते गाव आज ब्राझीलच्या अमापा राज्यात आहे, आणि दरवर्षी जुलैमध्ये संत तियागोच्या उत्सवात तिथे मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान, आणि ख्रिस्ती यांच्या लढाईचं सोंग काढतात. जी भिंत तिथल्या कुणीही पाहिलेली नाही, तिच्यासाठीची लढाई. आणि ते नाचणारे आज बहुतांशी आफ्रिकन वंशाचे आहेत. वाचताना मला यात गंमत वाटली असती. त्या घरात बसून ऐकताना घास उतरला नाही. सरकारी कागदावर एक सही होते आणि दोन हजार माणसांच्या पायाखालचा किनारा बदलतो.

मागे राहिलेलं शहर जवळजवळ अर्धशतक ओसाड होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुलतान मुलाय अब्दर्रहमानने ते पुन्हा वसवायला घेतलं, मशीद बांधवली. अझेम्मूरचे ज्यू व्यापारी इथे येऊन राहिले, पुढे युरोपी व्यापारी आले. एजंटच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत तिन्ही धर्मांची घरं होती. हे सांगताना त्यांच्या आवाजात जी माया होती, तिच्यात मला कोणताही देखावा दिसला नाही.

कोर्टातलं काम अर्ध्या तासात झालं. शिक्के पडले, सारंगाने साक्षीची सही केली, प्रत हातात आली. जहाजावर जायला अजून वेळ होता. एजंट म्हणाले, "आता पाणी बघा."

गल्लीतल्या एका साध्या दारातून आत गेलो आणि पायऱ्या उतरलो. सुमारे ३३ मीटर बाय ३४ मीटरचं दालन. २५ गोल आणि चौकोनी खांब, वर गॉथिक कमानींचं छत, आणि मधोमध साडेतीन मीटरच्या आसपास व्यासाचा एकच गोल झरोका. त्यातून उन्हाचा झोत तिरपा येतो. जमिनीवर बोटभर पाणी, त्यामुळे कमानी खालीही दिसतात आणि पाय टाकावा तिथे छत असल्यासारखं वाटतं. मी क्षणभर थबकलो. सारंग मात्र सरळ एका खांबाकडे गेला. खांबावर हात ठेवून वरून खाली फिरवत तो पाण्याच्या जुन्या रेघा शोधत होता. टाकी साउंड करणारा, म्हणजे टाकीतल्या पाण्याची खोली मोजणारा, माणूस करतो तसंच. "साहेब, गोडं ना हे?" त्याने विचारलं.

गोडंच. १५१४ च्या गढीतलं हे दालन आधी कोठार म्हणून वापरत. १५४१ नंतर नवा कोट झाला आणि याचं टाकं केलं. वरच्या गच्चीवर पडणारा पाऊस वाहून खाली येई. पोर्तुगीज गेल्यावर हे टाकं लोक विसरून गेले. १९१६ मध्ये एका दुकानदाराने दुकान वाढवायला भिंत फोडली आणि पाण्याचा लोंढा बाहेर आला, असं सांगतात.

सारंगाचा पुढचा प्रश्न खरा होता. "इथं पाऊस किती?" एजंट म्हणाले, वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर. सारंग माझ्याकडे बघत राहिला. मुरुडला जुलैच्या एका चांगल्या आठवड्यात तेवढा पडतो.

मग मी तिथेच प्रोटेस्टच्या लिफाफ्यावर आकडे मांडले. जहाजावर गोड्या पाण्याचा हिशेब रोज सकाळी होतो, तो हात तसाच चालला. जुन्या गढीचा आकार ४७ बाय ५६ मीटर, म्हणजे वरचं क्षेत्र २,६३२ चौरस मीटर. त्या सगळ्यावरचा वर्षाचा पाऊस धरला तर साडेदहा लाख लिटर. माणसं दोन हजार, माणशी पिण्या-रांधण्याला दिवसाला चार लिटर, म्हणजे रोज आठ हजार लिटर. साडेदहा लाख भागिले आठ हजार, साधारण १३० दिवस. अर्धं पाणी वाया गेलं असं धरलं तरी ६५ दिवस. १५६२ चा वेढा दोन महिन्यांच्या आसपासचा. लिफाफ्यावरचा तो आकडा बघून माझ्या अंगावर काटा आला.

आणि आणखी एक गोष्ट निघाली. ते साडेदहा लाख लिटर एवढ्या मोठ्या दालनात ओतलं तर पाणी जेमतेम मीटरभर चढतं. म्हणजे टाकं एका वर्षाच्या पावसासाठी बांधलेलंच नाही. चांगल्या वर्षाचं पाणी वाईट वर्षासाठी, शांततेचं पाणी वेढ्यासाठी साठवत जायचं. सारंग म्हणाला, "टाकी मोठी, पाऊस लहान." मग थोडं थांबून, "जंजिऱ्याला उलटं."

मुरुडच्या माणसाने जंजिऱ्याचा विषय काढला की थांबायचं नसतं. भर समुद्रातल्या त्या खडकावर गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा सेतू घालायला घेतला होता, एवढा त्या किल्ल्याने छळ मांडला होता. मराठ्यांना तो कधीच मिळाला नाही. सिद्दीची तोफ, सिद्दीचं आरमार याबद्दल सगळे बोलतात. सारंगाने लहानपणापासून त्या तलावांत डोकावून पाहिलेलं. त्याच्या आजीच्या तोंडी तोफेचं नाव नसे, पाण्याचं असे. परतीच्या गाडीत जोर्फ लास्फारची धुराडी दिसेपर्यंत तो तेच बोलत होता आणि एजंट मागे वळून वळून ऐकत होते.

लोडिंग पूर्ण करून आम्ही सुएझमार्गे मुरगावला गेलो. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कित्येक जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. माझागानच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या टोकाला वळून गोव्याला, म्हणजे पोर्तुगीज नावांची जुनीच वाट. चार्टवर ती रेघ मारताना मी नव्या पोरांना या शहराबद्दल सांगतो, आणि गोड्या पाण्याच्या साउंडिंगला कुणी कंटाळा केला तर जरा जास्तच सांगतो.

सारंग आता निवृत्त होऊन मुरुडला असतो. जंजिऱ्याच्या तलावांची मापं त्याने स्वतः दोरीने घेतली आणि मला फोनवर सांगितली. त्याच्या हिशेबाने तिथलं पाणी माझ्या हिशेबापेक्षा बरेच जास्त दिवस पुरतं. माझागानचं टाकं छताखाली आहे, जंजिऱ्याचे तलाव उघडे. एप्रिल-मेच्या उन्हात आटणारं पाणी किती धरायचं, यावर आमचं अजून जमलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाण्यात काठी उभी करून रोज खूण करायचं त्याने कबूल केलं आहे.